वर येताना सोडायचा श्वास

"बुडबुडे दिसले का?" विहिरीतून डोकं वर काढलं की रुपालीचा पहिला प्रश्न हाच असायचा.

काठावर उकिडवा बसलेला छगन पाण्यावरची नजर काढत नसे. "निम्म्यापर्यंत दिसलं. मग बंद."

"परत जाते."

"अगं, व्हट निळं पडलंत तुझं. जरा दम धर."

"दम धरूनच तर वाट लागलीय माझी, आप्पा!"

श्रीगोंद्याजवळच्या उसाच्या पट्ट्यात कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, हंडा पडला, माणूस पडलं, की छगनला हाक जाते. जायची. रुपाली त्याची एकुलती एक लेक. चालायला लागली तशी त्यानं तिच्या कमरेला दोर बांधून तिला पाण्यात सोडली. "छातीतला वारा म्हंजी आपली शिदोरी. काय बी हुऊ दे, वर येईस्तवर तोंड उघडायचं न्हाई." तोंड उघडलं की वर आल्यावर पाठीत धपाटा. पोरगी शिकली. इतकी पक्की शिकली की कोकणात पाठीवर हवेची टाकी लावून पर्यटकांना समुद्रतळाशी नेणाऱ्या बोटीवर तिला काम मिळालं.

तिथं खाली इंग्रजांच्या काळात बुडालेली एक आगबोट आडवी पडलीय. घरी आली की रुपाली आईला तिचंच सांगायची. "आये, शिडीला शेवाळ लागलंय, पण शिडी अजून उभी हाय. खिडक्यांतून मासं येजा करत्यात, आपल्या शेजारणी करत्यात तशी."

गोजरबाई भाकरी थापायची थांबायची. "आन त्यातली मानसं?"

"वर आली असतील."

"समदी?"

रुपाली पुढं सरकून तव्यावरची भाकरी उलटायची.

तिच्यावर वेळ आली ती त्याच आगबोटीपाशी. एका पर्यटकाचा पाय लागून तिच्या तोंडावरचा चष्मा निघाला, नाकात पाणी गेलं, आणि तिनं आयुष्यभर केलं तेच केलं. तोंड घट्ट मिटलं आणि वर सुटली. प्रणिता मॅडमनी, तिच्या शिक्षिकेनं, तिचा पाय धरून ओढला म्हणून वाचली.

"विहिरीत तू वरून श्वास घेऊन जातेस," मॅडम बोटीवर ओरडल्या. "इथं तू खाली, टाकीतून घेतेस. तिथली हवा दाबलेली असते. वर येशील तशी ती फुगत जाते. कोंडून ठेवलीस तर फुप्फुस फाटेल तुझं! कळतंय?"

कळत होतं. तरी पुन्हा तेच झालं. जबडा तिच्या ताब्यात राहतच नव्हता. मग मॅडमनी निकाल दिला: पावसाळा संपून दसऱ्याला बोटी सुटतील तेव्हा माझ्यासमोर श्वास सोडत वर यायचं, जमलं नाही तर किनाऱ्यावर बसून जॅकेटं धुवायची. एक जुना संच आणि भरलेल्या टाक्या सोबत दिल्या. "पण एकटी उतरायचं नाही. जाणतं माणूस शोध."

जाणतं माणूस श्रीगोंद्यात कुठून आणायचं? तिनं बाप काठावर बसवला. टाकी लावून तळाला जायचं, तोंडातली तिची नळी काढायची, आवाज करत, बुडबुडे सोडत वर यायचं. रोज बुडबुडे निम्म्यावर थांबायचे.

"माज्याच धपाट्यांनी केलं ह्ये," एकदा छगन म्हणाला.

"मग आता एक उलटा धपाटा घाला."

दोघं हसले. हसण्यात जीव नव्हता. दसरा तोंडावर आला होता.

त्या दिवशी तळाशी जाऊन तिनं नळी काढली आणि तशीच बसून राहिली. ठरवलं होतं, आज जबडा आपणहून उघडेपर्यंत हलायचं नाही. वर पाणी शांत झालं. छगन वाट बघत राहिला. एकही बुडबुडा येईना.

"रुपे!"

त्यानं छाती भरली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली.

तळाशी बाप दिसला तेव्हा रुपाली दचकली. त्याचे डोळे तारवटलेले, वय झालेलं, छातीतली शिदोरी संपत आलेली. शिकवलेलं तिला आठवलं: जोडीदाराची हवा संपली की आपली द्यायची. तिनं नळी त्याच्या तोंडात दिली. त्यानं पोटभर श्वास ओढला. लेक धड आहे हे पाहिलं. नळी काढली, तोंड घट्ट मिटलं आणि वर निघाला.

काय दिलं आपण, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं त्याचा पाय धरला. बुडणारं माणूस मिठी मारतं हे छगनला ठाऊक. त्यानं लाथ घातली. नळी हातातून सुटली. ती त्याच्या मागं वर झेपावली, त्याच्या पोटात बुक्क्या मारत, ओरडत, "सोडा! आप्पा, सोडा!" पाण्यात शब्द कुठले, नुसते बुडबुडे. छगननं मात्र तोंड उघडलं नाही. तो त्याच्या कामात पक्का होता.

वर आला तेव्हा त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता आणि डावा हात लोंबत होता.

छगनची हाक ऐकून गोजरबाई धावत काठावर आली होती. तिनं एवढंच पाहिलं होतं, की पाणी तळापासून उकळल्यासारखं बुडबुड्यांनी भरलंय. "तुजं व्हतं का गं ते?" टेम्पोत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं विचारलं. रुपाली फोनवर मॅडमना विचारत होती, काय करू, काय करू. मॅडम सांगत होत्या: फुप्फुसातली हवा रक्तात शिरलीय, आडवं ठेव, प्राणवायू लावायला सांग, हवेचा दाब वाढवून उपचार करतात त्या खोलीत न्यावं लागेल. नगरच्या डॉक्टरांनी जवळपास तशी सोय नसल्याचं सांगितलं. जिथं होती तिथं पोचेपर्यंत उशीर झाला.

छगन जगला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली.

दिवाळीत मॅडमचा फोन आला. "जागा ठेवलीय तुझी. परीक्षाही नको. तू आलीस ना वर, श्वास सोडत?"

"आले," रुपाली म्हणाली. "पण आता नाही जमायचं."

खाटेवरून छगन धडपडत बोलला, "जा… जा तू."

"गप पडा. तुमाला उठवनार कोन? आये एकटी?"

परवा शेजारच्या वस्तीवरचे ज्ञानेश्वर तात्या दारात आले. त्यांची मोटार विहिरीत पडली होती. त्यांनी खाटेकडं पाहिलं, मग मान वळवून पोरीकडं.

"येते," ती म्हणाली.

टाक्या केव्हाच परत गेल्या होत्या. तिनं कमरेला बापाचा दोर बांधला. छगननं हट्टच धरला म्हणून त्यालाही उचलून तात्यांच्या विहिरीवर नेलं, काठावर टेकवून बसवलं. रुपालीनं छाती भरली, तोंड घट्ट मिटलं आणि उडी टाकली.

छगन पाण्याकडं बघत बसला. बुडबुडे येणार नव्हते.