काकूंच्या टेबलावरचा हंडा

दुसऱ्याच्या घरातून आलेलं भांडं आपल्या टेबलावर मांडण्याआधी तुम्ही ते कधी वाचलं आहे का? बघितलं का, असं विचारत नाही मी. बघणारे पुष्कळ असतात.

काकू बघायच्या. हातात आलेला तांब्या खिडकीच्या उजेडात धरायच्या, एक डोळा बारीक करून सावकाश फिरवायच्या, बोटातल्या अंगठीने त्याच्या पोटावर टिचकी मारायच्या आणि तो घुमला की म्हणायच्या, "घरात पडून काय करणार होता हा?" ज्यांच्या घरातून तांब्या आणला त्यांना त्यांनी हे कधी विचारलं नाही. टेम्पो गेटातून आत आला, की आम्हाला विचारायच्या.

नगरला सावेडीत आमच्या मागच्या गल्लीत त्यांचा बंगला होता. सणावाराला, डोहाळजेवणाला, साखरपुड्याला लोकांची जेवणाची टेबलं आणि दिवाणखान्याचे कोपरे जुन्या वस्तूंनी सजवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. मी त्यांच्याकडे वस्तूंशेजारी ठेवायच्या चिठ्ठ्या लिहायचे. माझं अक्षर नागापूरच्या कारखान्यांच्या गेटवर लावायचे कामगारांच्या मागण्यांचे फलक रंगवून वळलेलं. अशाच एका फलकावरून काकूंनी मला गाठलं. फलकावर काय मागणी केली होती ते त्यांना ठाऊक नव्हतं. अक्षर टपोरं आहे, एवढं त्यांनी बघितलं होतं.

संक्रांतीचं त्यांचं टेबल मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मध्ये पितळी परात, तीत काळी सुगडं, हरभऱ्याचे घाटे, गाजरं. धान्य मोजायच्या जुन्या मापट्यात तिळगूळ. दोन्ही कडांना श्रीगोंद्याहून आणलेल्या उसाच्या कांड्या, त्यांना सॅटिनची फीत. आणि मागच्या भिंतीवर व्हार्निश मारलेला कोयता. ज्या कोयत्याने जामखेड-पाथर्डीकडच्या बायका थंडीत, पोर पाचटावर निजवून, ऊस तोडतात, तो कोयता. त्याच्याखाली हळदीकुंकवाला आलेल्या बायका फोटो काढत होत्या. मांडणी सुंदर होती. हे कबूल करायला आजही मला जड जातं.

"मॅडम, कोयत्याला धार लावून ठिवा," आतून सुमनबाईंचा आवाज आला. "पाव्हन्यांना ऊस तोडून द्यायचा आसंल तर काय फीत सोडीत बसायची?"

"सुमन, तू चहा आण बघू," काकू हसून म्हणाल्या. त्यांना टोमणा लागत नसे. त्यांच्या अंगावरून तो पाण्यासारखा निथळून जायचा.

सुमनबाई काकूंकडे भांडी घासायच्या. स्वयंपाकाची नव्हे, ही गोळा केलेली. चिंच, मीठ, राख घेऊन मागच्या ओट्यावर बसायच्या. माहेर खर्ड्याचं, नवरा नागापुरात कामाला, जीभ कोणाच्याही ताब्यात नसलेली. काकूही कधीकधी पदर खोचून शेजारी बसायच्या आणि बोटांना चरे पडेपर्यंत घासायच्या. हे सांगायलाच हवं. आळशी बाई नव्हत्या त्या. खेड्यात गेल्या तर मिळेल ती भाकरी मांडी घालून खायच्या, म्हातारीच्या पाया पडायच्या, सुनेच्या हातात नवाकोरा मिक्सर ठेवायच्या आणि माळ्यावरची पितळ-तांब्याची भांडी टेम्पोत घालून आणायच्या. सून खूश असायची. म्हातारीला कोणी विचारलेलं नसायचं.

सुमनबाईंच्या माहेरचा हंडा असाच आला. त्यात सुमनबाईंचाही हात होता. "आमच्या खर्ड्याला लई भांडी हायेत माळ्यावर," असं त्याच बोलून गेल्या, आणि पुढच्याच आठवड्यात काकूंचा टेम्पो त्यांच्या भावाच्या दारात. भावाने सगळंच काढून दिलं. आईचा तांब्याचा हंडासुद्धा. आई तोवर गेलेली.

तो हंडा ओट्यावर आला तेव्हा सुमनबाई बराच वेळ त्याला हात लावेनात. मग गळ्यावरून बोट फिरवत मला म्हणाल्या, "वाच." ठोकून घातलेलं, ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं. फक्त नाव. पुढे सौ. नाही, मागे नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही.

"आईनं शेळ्या राखून राखून घेतला ह्यो हंडा," त्या म्हणाल्या. "कासारानं इचारलं, नाव कुनाचं घालू? आई म्हनली, माझं. बाप म्हनला, आन माझं कुठंय? आई म्हनली, शेळ्या कुनी राखल्या? आख्खी आळी हसली हुती तवा."

नाव घातल्यावर आई तो हंडा डोक्यावर घेऊन गावातून मुद्दाम लांबच्या वाटेने घरी आली होती. सातबाऱ्यावर ती नव्हती. घराच्या उताऱ्यावर नव्हती. हंड्यावर होती.

सुमनबाईंनी काकूंना स्पष्ट सांगितलं, "मॅडम, ह्यो कुनाला द्यायचा न्हाई. हितंच ऱ्हाऊ द्या, माझ्या डोळ्याम्होरं. मी घाशीन."

"अगं, तुझाच आहे तो," काकू म्हणाल्या. "घरात पडून काय करणार होता? इथे तुझ्या हाताखाली तरी राहील." आणि त्यांनी हंडा उजेडात धरला, अंगठीने टिचकी मारली. नाव त्यांच्या अंगठ्याखाली होतं.

आता ते डोहाळजेवण. गावातली बडी मंडळी, लॉन्सवर थाट. काकूंनी प्रत्येक पानाशी एकएक पितळी तांब्या ठेवला होता, सगळे एका घाटाचे, तोंडात गुलाब खोचलेला. एकसारखे इतके तांबे एकाच घरात सापडले म्हणून काकू किती हरखल्या होत्या! एकाच घरात एकसारखे तांबे का उरतात, हा विचार नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईच्या मनात आधी यायला हवा. आपल्याकडे वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाचं नाव घातलेली भांडी भाऊबंदांना वाटतात. वाटून उरतात ती माळ्यावर जातात.

पोरीला पाटावर बसवलं, ओटी भरायची वेळ आली. तिच्या सासूने पाणी द्यायला तांब्या उचलला, गुलाब काढला, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "कैलासवासी..." पुढचं तिने वाचलं नाही. वाचायची गरज उरली नव्हती. पोरीची आई धावत येऊन तिला उठवून आत घेऊन गेली. एक आत्या प्रत्येक पानाशी जाऊन तांबे उलटे करत सुटली, "हाही तसलाच! अगं बाई, हाही!"

"अहो, पण घाट बघा ना," काकू म्हणत होत्या. "असा घाट आता मिळत नाही."

मला हसू आलं होतं, हे लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी काकूंनी तो सगळा राग ओट्यावर आणून ओतला.

"तू घासलेस ना ते तांबे? सातवी शिकलीयेस. वाचलं नाहीस?"

"वाचलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?" सुमनबाई हातातलं भांडं घासतच म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्या लोकांत तशी पद्धत आसंल."

काकू तरातरा आत गेल्या. पण त्यांना जो धडा मिळायला हवा होता तो मिळालाच नाही. इथून पुढे नावं वाचू, असं त्यांनी ठरवलं नाही. नावं काढून टाकू, असं ठरवलं.

नागापुरात बफिंगचं, यंत्राने धातू घासून चकचकीत करायचं, एक वर्कशॉप आहे. ठोकलेली अक्षरं खोल असतात, नुसत्या पॉलिशने जात नाहीत. आधी ग्राइंडर धरावा लागतो, मग बफ. टेम्पो भरायला लागला तशा सुमनबाई हात पुसत पुढे आल्या. मी त्यांना कधी विनवणी करताना पाहिलं नव्हतं. "मॅडम, तेवढा हंडा सोडा. बाकीचं काय बी करा."

"अगं, तो कसा पाठवेन? तो तुझा," काकू म्हणाल्या. मी तिथे उभी होते. मी ऐकलं.

टेम्पो गेला. हंडा राहिला. भांडी परत आली ती अशी, की त्यांत तोंड दिसावं. कोणाच्या आजीने मुलीला दिलेली घागर, कोणा मावशीने भाचीला घातलेली परात, सगळ्यांची तोंडं सारखी कोरी. काकूंनी ती टेबलावर मांडली आणि मध्ये हंडा ठेवून पाहिला. मागे सरल्या. मान तिरकी केली. एक डोळा बारीक केला.

पाडव्याच्या सकाळी मी चिठ्ठ्या द्यायला गेले. सुमनबाई माझ्याआधी पोहोचल्या होत्या. टेबलावर आंब्याची पानं, कडुलिंबाचे डहाळे, झेंडू, बत्ताशांच्या गाठी, आणि मधोमध हंडा, नव्या पैशासारखा लखलखीत. सुमनबाईंचा हात त्याच्या गळ्यावर होता. बोट जिथे अडखळायला हवं होतं तिथून सरळ घसरत होतं. पुन्हा मागे यायचं, पुन्हा घसरायचं.

"बाकीचे सगळे चकचकीत आणि हा एकच काळवंडलेला," काकू म्हणाल्या. "सेटमध्ये बसेना गं. तुला आवडेल असं वाटलं. बघ किती उजळला."

"काकू, तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणाले. आवाज चढला माझा, मी आवरला नाही. "तिच्या समोर दिला होता."

"अगं, हंडा कुठे गेलाय? हा काय, इथेच आहे." त्या खरंच गोंधळल्या होत्या. त्या गोंधळाचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. मग त्या घाईघाईने सुमनबाईंना म्हणाल्या, "असं कर, तू घेऊन जा तो. आजच. खरंच घेऊन जा."

सुमनबाईंनी फुलं बाजूला सारली, हंडा दोन्ही हातांनी उचलला. मला वाटलं, नेतात. त्यांनी तो काकूंच्या पुढ्यात ठेवला.

"आता ह्याला नेऊन काय करू? ह्यो तुमचा झाला."

"सुमन, अगं..." काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्यांनी हंड्याच्या गळ्यावर अंगठा ठेवला. "काय नाव होतं गं तुझ्या आईचं?"

इतके महिने तो हंडा त्यांच्या घरात होता. कितीदा तरी त्यांनी तो हाताने फिरवून फिरवून उजेडात बघितला होता.

"न्हाई सांगत," सुमनबाई म्हणाल्या, पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने गेल्या. आता त्या नागापुरात एका पॅकिंग युनिटमध्ये आहेत. नाव मी वाचलं होतं, मला पाठ आहे. पण हे लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी मला बजावलं, "लिही काय लिव्हायचं ते. नाव घालू नगंस. एकदा मांडलं तेवढं बास झालं."

मीही त्या दिवसानंतर चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत. एकदाच गेले, राहिलेले कागद परत करायला. काकू एकट्याच टेबलाशी होत्या, काहीही मांडलेलं नव्हतं. बस म्हणाल्या. मी उभीच राहिले. "माझ्या आईची भांडी भावांनी वाटून घेतली," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मला चमचासुद्धा आला नाही. तेव्हापासून कुठेही जुनं भांडं दिसलं, की हात जातो माझा."

मला वाईट वाटलं. वाटायचं ते वाटतंच. पण मी जे म्हणाले ते आजही म्हणेन, "मग काकू, तुम्हाला तर आधी कळायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. होकार की नकार, मला समजलं नाही.

पावसाळ्यानंतर बंगल्याला कुलूप लागलं. त्या मुलाकडे पुण्याला गेल्या, धंदा तिथे जोरात आहे म्हणतात. खिडकीतून आत नुसतं टेबल दिसतं. त्यावर भांड्यांच्या बुडांचे गोल डाग राहिलेत, काही लहान, काही मोठे, आणि मधला सगळ्यांत मोठा.

तेव्हा मला तुमच्याकडून एक हवंय. पुढच्या लग्नाला, बारशाला, हळदीकुंकवाला असं जुन्या भांड्यांनी सजवलेलं टेबल दिसलं, तर फोटो काढायच्या आधी एक भांडं उचला. फुलं काढा. नाव असेल तर सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. जेवणं खोळंबली तर खोळंबू द्या. आणि नाव नसेल तर गळ्यावरून अंगठा फिरवा. पत्रा एका जागी पातळ लागेल. तिथे बोट ठेवा, यजमानीणबाईंना हाक मारा आणि चारचौघांत विचारा, "इथे कोण होती?"