लाइन बंद होती

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत माझा पुन्हा सत्कार झाला – "शिकलेल्या लेकीनं गावाले तार आणली" – आणि ती शाल अंगावर पडली तेव्हा, खरं सांगू? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आधी घरचं सांगते. बाबा मोर्शीकडे दुसऱ्यांच्या संत्राबागांत मजुरीनं झाडांभोवतीची आळी खणायचे. घरात एखादा सरकारी कागद आला की तो घडी करून खिशात घालायचे आणि वाचून देणारा शोधत गावभर फिरायचे. कोणी वाचून द्यायचं, कोणी ओट्यावरूनच म्हणायचं, "संध्याकाळी ये." मी बी.ए. झाले आणि ते फिरणं थांबलं. उलट गावच आमच्या दारी अर्ज लिहून घ्यायला येऊ लागलं. याचा मला गर्व होता. अजून आहे – तीच तर चीड आहे.

बाबांनी पुढं गावातल्याच यमुनाकाकूच्या संत्राबागेला लागून दोन एकर रान घेतलं. दोन्ही शेतांवरून विजेच्या तारा जायच्या, इतक्या लोंबलेल्या की डोक्यावर कडब्याची पेंढी असली तर वाकून जावं लागे. उन्हाळ्यात वारा सुटला की तारेला तार घासायची आणि खालच्या वाळल्या गवतावर ठिणग्या पडायच्या. कंत्राटावरचा वायरमन गजूभाऊ वीज कंपनीच्या साहेबांना तोंडी सांगून सांगून थकला होता. शेवटी वारा सुटला की तो आपल्या मनानंच शेतीची लाइन बंद करायचा. लोक चिडायचे.

"गज्या, तुया बापाची लाइन हाये काय?"

"बापाची असती तं तार नसती बदलली काय, भाऊ?" तो हसायचा.

त्या दुपारी मी वांग्यांना पाणी देत होते. मोटर बंद पडली. दूर ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळून गजूभाऊनं हात हलवला – बंद केली म्हणून. माझं डोकं फिरलं. पाणी नाही, मग बसून काय करू? दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, साफ करायचा तसाच पडला होता. पेरणीआधी आम्ही धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवून देतो. पण सकाळी, वारा पडलेला असताना, पाण्याचा पाइप हाताशी ठेवून. हे मला लहानपणापासून माहीत. आणि मी भर दुपारी, वाऱ्यात, काडी ओढली. रागात होते – हे काय कारण झालं?

आग काकूच्या बागेत शिरली. मी मोटरकडं धावले, बटण दाबलं. दाबतच राहिले. लाइन कुठं होती?

काकूनं बागेतल्या गोठ्यातली गाय सोडली, त्यात तिचे दोन्ही हात भाजले. बागेची एक अख्खी बाजू कोळसा झाली. लोक जमले आणि सगळ्यांनी आधी वर पाहिलं, तारेकडं. काकूनं मला विचारलं, "पोरी, तू तं इथंच होती. लाइन चालू होती काय वं?"

"होती," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाव अर्ज लिहून घ्यायला आलं. मी लिहिला – आणि चांगला लिहिला. 'चालू वाहिनीच्या लोंबकळत्या तारांतून ठिणगी पडून' हे वाक्य माझं. खाली प्रत्यक्षदर्शी म्हणून सहीही माझीच. चौकशीत गजूभाऊ सांगत राहिला की लाइन त्यानं बंद केली होती. पण नोंद कुठाय? सगळं काम तोंडी करणारा माणूस तो. साहेबांनी त्याचं ऐकलं नाही, माझा कागद वाचला. त्याला काढून टाकलं.

बापाला "संध्याकाळी ये" म्हणणाऱ्यांवर मी जन्मभर चिडले. आणि ज्याच्या हाती कागद नव्हता त्याचं मी काय केलं?

तो आता वलगावकडं कोणाच्या तरी शेतावर राबतो. एकदा मोझरीच्या स्टँडवर दिसला. मी मान फिरवली, पण तोच जवळ आला. "ताई, अर्ज मस्त होता तुमचा. मी दोन वर्सं बोंबलून राहिलो होतो, तुमी एका कागदात काम केलं." मग म्हणाला, "पण लाइन बंद होती. मी तुमाले हात केला होता."

एसटी लागली. मी चढले.

भ्याले म्हणू? भ्याले नव्हते. शिकलेली पोरगी म्हणून गावात जी खुर्ची मिळाली होती, ती सोडायची नव्हती. काकूचे हात अजून आखडलेले आहेत. ती मला अजून चहा करून देते, आणि मी तो पिते.

धुरा मी पेटवला. लाइन बंद होती, आणि ते मला माहीत होतं.

त्या अर्जावर काम झालं. नवे खांब आले, तारा ताणल्या गेल्या. आता कितीही वारा सुटला तरी आमच्या शिवारातली मोटर बंद पडत नाही.