आतल्या खोलीतले डोळे

मार्च उजाडला की आमच्याकडे महिला कलाकारांचा हंगाम सुरू होतो. पेणला एक प्रदर्शन, आठवड्याभराने रोह्याला दुसरं. तेच फलक, त्याच गुलाबी साड्या, तीच भाषणं. मी रोह्याजवळच्या वरसे गावच्या शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला दरवर्षी दारातली रांगोळी काढायला बोलावतात आणि मी मुकाट जाते. मुकाट म्हणजे तोंडाने. मनातून शिव्या चालूच असतात.

यंदा रोह्याच्या हॉलमध्ये रांगोळी अर्धी टाकून उठले. मधल्या टेबलावर मखमलीवर पेणच्या मूर्तींच्या कारखान्यातला गणपती मांडला होता, खाली कारखानदाराच्या सुनेच्या नावाची पाटी. आणि मूर्तीचे डोळे आईने आखलेले! पापणीची रेघ टोकाला जरा वर उचलायची तिची खोड मी लहानपणापासून बघत आलेय. तीस वर्षं ती त्या कारखान्याच्या आतल्या खोलीत बसून डोळेच आखतेय. सूनबाईंचं काम बाहेर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं.

माझं डोकं फिरलं. संयोजक बाईंना गाठून पाटी बदला म्हटलं. त्या म्हणाल्या, मूर्ती कारखान्याची, कारखान्याने नाव दिलं, आम्ही लावलं. वर पुरावा काय, असंही विचारलं. मेलीने माझ्या रांगोळीने माखलेल्या हातांकडे बघत विचारलं, म्हणून जास्त झोंबलं. उद्या आईलाच आणते, सगळ्यांसमोर आखेल, मग तिचंच नाव लावायचं, असं मी ठणकावलं. सूनबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, आणा की. त्या हसण्याचाही मला संताप आला.

आई यायला तयार नव्हती. हातातलं काम पडलंय, म्हणाली. तुझ्या नावाची पाटी लागली पाहिजे म्हणून मी हट्टच धरला, तिची नवी साडी मीच काढली आणि दुसऱ्या दिवशी पेणहून गाडीत बसवून आणली. वाटेत ती नव्या साडीचा पदर सारखा करत राहिली. लाजतेय, असं मी समजले.

हॉल भरला होता. पेणचीही पुष्कळ माणसं होती, दरवर्षी ह्याच कारखान्यातून गणपती नेणारी. टेबलावर डोळे न आखलेली मूर्ती ठेवली. आईने नमस्कार केला आणि ब्रश उजव्या हातात घेतला.

आई डावखुरी आहे. देवाचे डोळे डाव्या हाताने आखलेले गिऱ्हाइकाला चालत नाहीत, म्हणून तर कारखानदाराने तिला आत बसवलं होतं. मला हे जन्मापासून ठाऊक. भांडणाच्या नादात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सूनबाईंच्या मात्र होतं.

पहिलीच रेघ वाकडी गेली. दुसरी नाकावर उतरली. मागे कोणीतरी हसलं. सूनबाई पुढे आल्या, ओल्या फडक्याने मूर्तीचा चेहरा पुसला आणि स्वतः डोळे आखले. बरे आखले, तेही आईकडूनच शिकून. मग माईक हातात घेऊन मायेने म्हणाल्या, "वय झालं की हात थरथरतोच हो."

"व्हय," आई म्हणाली, "थरथरतो."

टाळ्या पडल्या. तिला शाल दिली.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन येईपर्यंत मी तिच्यावर ओरडत होते. डाव्या हाताने का नाही काढलेस, त्यांच्या तोंडावर मारायचं होतंस, माझी अब्रू घालवलीस, काय वाटेल ते बोलले. ती शालीची घडी घालत ऐकत राहिली.

"पाटीवर नाव लागलं असतं गो," ती म्हणाली, "पण मग येत्या गणपतीत एकाही घरात माझे डोळे बसले नसते."

मी तोंड खिडकीकडे फिरवलं. सूनबाईंवरचा राग आठवड्याभरात गेला. आईवरचा अजून गेलेला नाही.