ओमांच्या आजीचं जन्मसाल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचे. आई-वडील वीटभट्टीवर कामाला होते. गुरुजी भट्टीवर आले, माझ्या हाताची माती धुतली आणि मला शाळेत घेऊन गेले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. या हिवाळ्यात त्यांची फार आठवण झाली. त्याला निमित्त झाल्या माझ्या डच शेजारीणबाई.

मी नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहतो आणि जवळच्या आइंडहोवन शहरातल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच असतात. माझी मुलगी त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजी, म्हणून मीही तेच म्हणतो. त्या मला बुर्मान म्हणतात, म्हणजे शेजारी.

ओमांची आजी वेल्सची, पोरवयातच लोकांच्या घरी कामाला लागलेली. तिथेच एका डच खलाशाशी लग्न करून ती इकडे आली. लग्नाच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचा रकाना रिकामा होता. तेवढ्यावरून सासरच्यांनी तिला जन्मभर ‘पुलाखाली सापडलेली’ म्हटलं. पुढे ओमांच्या आईलाही तेच ऐकावं लागलं. आजीला आईबाप होते की नाही, एवढंच ओमांना हवं होतं. लवकरच त्यांचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. “त्याआधी कळलं तर बरं,” असं म्हणत त्या लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या.

वेल्समधल्या जन्मांची सूची इंटरनेटवर आहे. नाव, साल आणि भाग टाकून शोधायचं. आजी ज्या खाणीच्या गावाबद्दल बोलायची ते ओमांना पाठ होतं. पण तिकडे आडनावं थोडीच, त्यामुळे एकाच नावाच्या मुली ढिगाने निघाल्या. लग्नाच्या दाखल्यातल्या वयावरून ओमांनी जन्मसाल काढलं होतं. त्या सालच्या सगळ्या मुली आम्ही तपासल्या. कुणी लहानपणीच गेलेली, कुणी लग्न होऊन तिथेच राहिलेली. एकही जुळेना.

“म्हणजे खरंच पुलाखालची,” ओमा म्हणाल्या. हसल्या, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

“ओमा, साल चुकलं असेल.”

“साल कसं चुकेल? टॉयलेटमधल्या कॅलेंडरवर लिहिलंय!”

इथे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर टॉयलेटमध्ये टांगतात. ओमांच्या कॅलेंडरवर आजीही अजून आहे.

“ओमा, माझी जन्मतारीख तरी कुठे खरी आहे? पासपोर्टवर एक जून आहे. माझ्या निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनचा.”

“निम्मा वर्ग? एकाच दिवशी? काय गाव आहे तुमचं, बुर्मान!”

मग मी सांगितलं. आमच्याकडे कितीतरी पोरांच्या जन्माची नोंदच नसायची. वय भरेल अशा बेताने गुरुजी एक जून ठोकून द्यायचे. माझ्या आईला आठवतं ते इतकंच, की तेव्हा पावसाळा संपून भुईमूग काढणी चालू होती. म्हणजे कागदावर मी काही महिन्यांनी मोठाच आहे. ओमांना हे पटेना. वाढदिवस ही त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

“तुमच्या आजीनेही लग्नात वय वाढवून सांगितलं असेल,” मी म्हणालो. “कमी वयात लग्नाला परवानगी द्यायला घरचं कुणी नसेल, तर दुसरं काय करणार?”

आम्ही पुढची सालं पाहिली. दोन वर्षांनंतरच्या सूचीत त्याच भागातली एक मुलगी मिळाली. पूर्ण नोंदीची नक्कल मागवली. ती ईमेलवर येईपर्यंत ओमा रोज कुंपणावरून विचारायच्या, “आलं का काही?”

आणि एकदाची आली. दिवस आणि महिना कॅलेंडरवरचाच होता. वडिलांचं नाव होतं, धंदा खाणकामगार. आणि आईचं नाव तेच, जे आजीने पुढे आपल्या मुलीला, म्हणजे ओमांच्या आईला ठेवलं होतं. लग्नात तिने वडिलांचं नाव का दिलं नाही, ते आता कळायचं नाही. ओमांनी आईचं नाव मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. माझा हात धरला.

“बिचारी,” त्या म्हणाल्या, “दोन वर्षं उगाच म्हातारी राहिली!”

ऑपरेशन नीट पार पडलं. त्या घरी आल्या त्या आठवड्यात मी गुरुजींना पत्र टाकलं:

“गुरुजी, नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. इथल्या एका आजींच्या आजीची जन्मनोंद शोधून काढली. तिचंही वय वाढवलेलं निघालं. ती पोरवयातच लोकांच्या घरी राबायची, तेव्हा लग्नाच्याही आधी, कामाला ठेवतानाच ते वाढवलं असावं असं मला आता वाटतं. माझं वय तुम्ही वाढवलंत ते मला भट्टीवरून सोडवायला. आजी विचारतात, एक जूनला तुम्ही निम्म्या वर्गाला पेढे कसे पुरवायचात? मी सांगितलं, तेव्हा शाळेला सुट्टी असायची. मागच्या भेटीत तुम्ही म्हणालात, ‘तुझी तारीख मी अंदाजाने लिहिली, परदेशात काही अडचण आली तर पाप माझ्या माथी.’ अडचण आली नाही, गुरुजी. त्या तारखेची गोष्ट सांगता सांगताच एका बाईला तिचे आईबाप सापडले. ती काळजी आता सोडा. आपला विद्यार्थी.”