दारातलं निळं स्टूल

जपमाळ सुरू होण्याआधी मावशी आपलं निळं प्लास्टिकचं स्टूल दाराच्या बरोबर मधोमध ठेवायची आणि त्यावर ठाण मांडायची. आमच्या चपला तिच्या पाठीमागे. शेवटचं 'आमेन' झालं की एकेकाकडे बघत म्हणायची, "म्हटलंस ना आमेन? मग ऊठ."

तुमच्याकडेही असं कुणी असेल तर दाराजवळ बसू नका. मी लवकर सटकायच्या आशेनं तिथंच बसायचो, आणि पहिला सापडायचो.

ऑक्टोबरात आमच्या गास गावात मारियामातेची मूर्ती रोज एका घरी जाते. तिथं माळ म्हणताना दर दहा मण्यांआधी कुणीतरी हेतू सांगतं: आजाऱ्यांसाठी, परीक्षेसाठी, नोकरीसाठी. त्यात तिनं आपला कायदा घुसवला होता. जो हेतू सांगेल, त्यानंच दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. एकदा मी आवाजाला झकास कंप देऊन 'एकाकी वृद्धांसाठी' म्हणालो. दुसऱ्या सकाळी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या पायाची नखं कापत बसलो होतो.

प्रार्थना मंडळाच्या प्रमुखांना हे खपत नसे. "मावशी, ही प्रार्थना आहे, ग्रामसभा नाही."

"मग देव काय आपला घरगडी आहे? आपण बसून सांगायचं आणि त्यानं राबायचं?" एवढं बोलून ती 'नमो मरिये' अशी खणखणीत सुरू करायची की प्रमुखांना मागून म्हणावंच लागे.

त्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी कपडे शिवणारे टेलरचाचा अंथरुणाला खिळले. त्यांचं डायलिसिस नायगावला व्हायचं. नेहमीचा रिक्षावाला गावी गेला आणि एक खेप चुकली. पाय सुजले, धाप लागली. आता रिक्षाचे धक्के त्यांना सोसणार नव्हते, गाडीच हवी होती. उद्या सकाळची खेपही चुकली तर काय होईल, हे त्या संध्याकाळी माळेला जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणी त्यांचं नाव घेईना. नाव घेतलं की गाडी शोधणं आलं.

हेतू सांगायची पाळी माझी. मी शहाणपणा केला. म्हणालो, "जागतिक शांतीसाठी." म्हटलं, ही आता मला पाठवून पाठवून पाठवणार कुठे?

माळ संपली. ती उठली नाही.

"शांती हवी ना? बावखलापलीकडे जा. भावाकडे गाडी माग."

बावखल म्हणजे आमच्या घरामागचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या कुंपणावरून मी आणि माझा थोरला भाऊ चार वर्षं बोलत नव्हतो.

"तूच माग ना, मावशी."

"मागितली. म्हणतो, भावाला येऊ दे."

प्रमुख म्हणाले, "घरगुती भांडणं इथे नकोत. आणि चाचा आपल्या चर्चचे नाहीत."

"ही माळ आहे. रेशनकार्ड नाही," ती म्हणाली. "हा निघेपर्यंत मी उठणार नाही."

वीस माणसं आत कोंडलेली, वाटीतले उकडलेले चणे गार होताहेत, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी तिच्या स्टुलाला वळसा घालून निघालो.

वाटेत चांगलं बाणेदार वाक्य जुळवलं होतं. पण भावानं दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

त्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "सकाळी सहाला निघू. गाडीला हात लावू नकोस, ठोकशील."

सकाळी चाचांचं डोकं माझ्या खांद्यावर आणि आम्ही दोघं नायगावपर्यंत कुंपणावरून भांडत. चार वर्षांचं साठलेलं होतं. चाचा मध्येच डोळे उघडून म्हणाले, "आप लोग लडो, मगर गाडी मत रोको."

यंदा गणपतीनंतर ती गेली.

ऑक्टोबरातली पहिली माळ आमच्याच घरी होती. तिचं स्टूल कोणीतरी आणून कोपऱ्यात ठेवलं होतं. दार मोकळं. प्रमुख म्हणाले, "या वर्षी जरा शांततेत होऊ द्या. तुम्ही तिच्या आत्म्याच्या शांतीचा हेतू सांगा."

मी उभा राहिलो. आवाजाला कंप होता, पण या खेपेला मी दिलेला नव्हता.

"शांत बसणारी ती नव्हे," मी म्हणालो. "हेतू: टेलरचाचा. उद्या सकाळी सहा. एक माणूस सोबत हवा."

दोघा-तिघांची नजर चपलांकडे गेली.

भाऊ उठला. कोपऱ्यातलं निळं स्टूल उचललं, दाराच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि त्यावर ठाण मांडून बसला.