ढवळीचा मुरघास

"गाय दूध देते ती तोंडातून," असं वन्सं उठता-बसता म्हणायच्या. ऐकणारा हसला की पुढं जोडायच्या, "हस, पण आधी चारा टाक, मग हस."

धाकट्या भावाकडं त्या राहायला आल्या तेव्हा गोठ्यात एकच गाय होती. ढवळी, भावजयीच्या माहेरून आलेली. उन्हाळाभर कोरडा कडबा चघळून ती जेमतेम तांब्याभर दूध द्यायची. भावानं तिला विकायचं ठरवलं. भावजय भांडी आपटू लागली. वन्संना ती भाषा कळली. त्यांनी भावाकडून दीड महिन्याची मुदत मागून घेतली.

मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करायला त्यांनी विहिरीजवळचा मका दाणा चिकात असतानाच कापला, बारीक कुट्टी केली, खड्ड्यात प्लास्टिक अंथरून भरली. आता ती तुडवायची. हवा राहिली की कुजतं, हवा गेली की मुरतं, असं वन्संचं सांगणं. वजन कमी पडतंय म्हणून शेजारच्या शिंपीकाकांना बोलावणं गेलं. जन्मभर ज्या पोटावरून टोमणे खाल्ले, त्याला असा मान मिळालेला बघून काका हरखले आणि खड्ड्यात उतरून चक्क नाचू लागले. मग भावजय नाचली, वन्संनी पदर खोचला. हसू मोजून-मापून वापरणारा भाऊ घसरून हिरव्या कुट्टीत बसला, आणि भावजय पोट धरून हसली.

खड्डा झाकल्यावर भावाचे हात शिवशिवायचे. जरा उघडून बघू का, म्हणायचा. वन्सं सूप घेऊन वरच ठाण मांडायच्या.

मुदत संपली त्या दिवशी गिऱ्हाईक आलं. खड्डा उघडला. आंबटगोड वास दरवळला. ढवळीनं हुंगलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. भावानं दावं सोडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.

"नवी नवरी पहिल्या दिवशी पोटभर जेवते का रे?" वन्सं म्हणाल्या, आणि मूठभर मुरघास कडब्यात कालवून पुढं ठेवला.

ढवळीनं एक घास घेतला. मग दुसरा. मग पाटी चाटूनपुसून लख्ख. गिऱ्हाइकानं दावं ओढलं, तर तिनंच त्याला खड्ड्याकडं फरफटत नेलं, एक चप्पल इकडं, एक तिकडं. भावानं दावं हळूच काढून घेतलं.

"राहू द्या. थोडे दिवस बघतो."

रोज मूठ वाढत गेली तसं दूधही वाढलं. तांब्या पुरेना, चरवी काढावी लागली. विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही.

एका सकाळी त्याच गिऱ्हाइकाचा निरोप आला. त्याच्याही घरी खड्डा खणून तयार होता. वन्सं लगेच निघाल्या, मागं शिंपीकाका. भावजय चरवी कमरेवर धरून गोठ्याच्या दारात बघत राहिली. वन्संनी वळणापर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही. काका मात्र सारखे वळून हात हलवत होते.