मी गळ टाकत नाही

माझी मावशी बायकांना गाडी चालवायला शिकवायची. तिच्या जुन्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होते. "क्लच हळू सोड गं, झुरळ नाही मारायचंय!" हे ती दिवसभर ओरडायची, त्यामुळे तिचं नावच क्लचमावशी पडलं. काका बस चालवायचे, त्यांनीच तिला शिकवलं होतं. ते गेल्यावर ती गपगुमान घरी बसेल असं नातेवाइकांना वाटलं. नातेवाइकांना काय, बरंच काही वाटतं.

तिच्याकडे शिकणाऱ्या बऱ्याच जणी पुलापलीकडच्या मुसलमान वस्तीतल्या. शिकवणारी बाईच आहे म्हटल्यावर घरच्यांचा विरोध लंगडा पडायचा. मावशी स्वतः पक्की ख्रिस्ती. उपासना कधी चुकवली नाही, महिला मंडळाची चिटणीस, आणि आवाज असा की गाणाऱ्यांनाही धाक वाटावा.

एका वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी चर्चच्या सभागृहात वर्ग भरवला: आजचा इस्लाम आणि आपण. बाहेरून एक अभ्यासक आले होते. माणूस जाणकार होता, हे मावशीही नाकारायची नाही. त्यांनी फळ्यावर चौकटी काढल्या. काही मुसलमान म्हणतात, दर्गे सोडा, पहिल्या पिढीचा निर्भेळ धर्म धरा. काही दारोदार फिरून आपल्याच लोकांना नमाजाला बोलावतात. काहींना राज्यकारभारच धर्माप्रमाणे हवा. काही म्हणतात, ग्रंथ आजच्या काळात नव्यानं वाचा, मुलींना शिकवा. आणि मूठभर बंदूक उचलतात, पण बोलबाला त्यांचाच जास्त. मावशी मन लावून ऐकत होती.

शेवटी अभ्यासकांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचा मुसलमानांशी रोजचा संबंध येतो?"

सगळ्या माना मावशीकडे वळल्या. ती काय करते हे कळताच अभ्यासकांचा चेहरा उजळला. त्यांनी ख्रिस्ताची ओळख करून देणाऱ्या पत्रकांचा एक गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "बंद गाडी, शेजारी एकटी बाई. देवानं दिलेली संधी आहे ही!"

मावशी उभी राहिली. "साहेब, त्या बाईचे पाय लटपटत असतात. समोरून ट्रक येत असतो. तिचा जीव माझ्या पायाखालच्या ब्रेकवर असतो. त्या वेळी मी तिला पत्रक देऊ? मी गाडी शिकवते, गळ टाकत नाही."

"म्हणजे तुम्हाला ख्रिस्ताची साक्ष द्यायची लाज वाटते?" चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळींतले एक जण मागून म्हणाले.

"लाज? मला विचारलं तर मी भर चौकात सांगेन. पण विचारू तर द्या!" तिनं गठ्ठा परत अभ्यासकांच्या हातात दिला आणि बसली.

त्याच आठवड्यात दुसरीकडून ठिणगी पडली. मावशीकडे पुलापलीकडची एक सुईण शिकत होती. अडलेल्या बाईकडे वेळेत पोचायला वाहन मिळत नाही म्हणून तिनं पन्नाशीत गाडी शिकायचा हट्ट धरला होता. तिचा धाकटा भाऊ परमुलखात नोकरी करून परतला होता, आणि येताना नवी कडक शिस्त घेऊन आला होता. वडिलांनी दर्ग्यावर जाऊ नये म्हणून त्यांच्याशी भांडायचा. आता बहिणीवर नजर गेली. तो येऊन थेट गाडीपुढे उभा राहिला.

"आपा, खाली उतर. या बाई तुला ख्रिस्ती करतील."

सुईणबाई रडकुंडीला आली. मावशीनं काच खाली केली. "गाडीपुढून बाजूला हो आणि मागच्या सीटवर बस. मी काय शिकवते ते स्वतःच्या कानांनी ऐक. भितोस का?"

भितोस म्हटल्यावर तो कसला थांबतोय! बसला. गाडी गचके खात निघाली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुम्ही ईसांना काय मानता?"

"देवाचा पुत्र. माझा तारणारा."

"आम्ही त्यांना पैगंबर मानतो. अल्लाहला पुत्र नाही."

"माहीत आहे. इथं आपलं जमत नाही, आणि जमतं असं खोटंही मी बोलणार नाही. सुईणबाई, आरशात बघा, डावीकडे घ्यायचंय."

सुईणबाईनं डावीकडे घेतलं आणि समोर बघतच भावाला सुनावलं, "अब्बा दर्ग्यावर जातात, तू नको म्हणतोस. माझी पोरगी स्वतः कुराण वाचून तुम्हा दोघांना सवाल करते. घरात तीन वाटा आहेत आणि तुला या बाईंची भीती! यांनी मला आजवर शिव्या सोडून काही दिलेलं नाही."

मागून हसू फुटलं. त्यानं ते खोकला काढून लपवलं, असं मावशी सांगायची.

वर्गाच्या पुढच्या बैठकीला मावशी सुईणबाईला घेऊन गेली. भाऊही आला, बहिणीला एकटं कसं सोडायचं! पाळकसाहेबांना घाम फुटला. मावशीनं दोघांना पहिल्या बाकावर बसवलं आणि अभ्यासकांना म्हणाली, "यांच्याबद्दल बोलायचंय ना? मग यांच्यासमोर बोला."

दोन कुटुंबं उठून गेली. अभ्यासक मात्र थांबले. त्यांनी खडू ठेवला आणि भावाला विचारलं, "तुम्ही यातल्या कुठल्या चौकटीत बसता?"

त्यानं फळा नीट वाचला. "सकाळी पहिल्या. आपाच्या पोरीशी वाद घालताना कधीकधी चौथ्या," तो म्हणाला. मग तोही प्रश्न विचारू लागला, तिखट प्रश्न, आणि अभ्यासकांनीही गुळमुळीत उत्तरं दिली नाहीत. आवाज चढले. हात कुणाचा उठला नाही.

दुसऱ्याच रविवारी वडील मंडळींनी मावशीला आत बोलावलं. परवानगीशिवाय परधर्मीय आणले, पाहुण्या अभ्यासकांचा अपमान केला. माफी माग, नाहीतर चिटणीसपद सोड.

"पद घ्या," ती म्हणाली. "माफी मिळणार नाही. शेजाऱ्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलू नये, असं म्हणणं ही चूक असेल तर मी ती पुन्हा करीन."

पद गेलं. 'आता दुसरं चर्च बघ' असं माझ्या आईनंही तिला सुचवलं. "का म्हणून? हे चर्च काय त्यांच्या बापाचं आहे?" ती कडाडली.

सुईणबाई दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली. भाऊ काही बदलला नाही. वर्षभरानं स्वतःच्या बायकोला मावशीकडे शिकायला घेऊन आला आणि दारातच बजावलं, "मी रोज दुआ करतो, अल्लाह तुम्हाला खरी वाट दाखवो."

"मीही तुझ्यासाठी हेच मागते," मावशी म्हणाली. "बघू कुणाचं ऐकतो."

मंडळीनं तिचं पद कधी परत दिलं नाही. तिनं मागितलंही नाही. पुढं गुडघे गेले, गाडी विकली, पण दर रविवारी काठी टेकत ती पहिल्या बाकावर जाऊन बसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं गायची.